बाळ्या, "दीक्षित करू की किटो" विचारलंस म्हणून

प्रिय बाळ्या,

परवा रात्री तुझा मेसेज आला, शुगरच्या रिपोर्टचा फोटो आणि खाली कुठलं डाएट धरू म्हणून एकच ओळ, "दीक्षित करू की किटो?" मी लगेच टाईप करायला घेतलं आणि थांबलो, म्हणलं याला नीट बसून लिहायला पाहिजे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६.८, गोळी सुरू झालीये, हे आपल्यात दोन ओळीत उरकायचं काम नाहीये. बाबांच्या पायाचं बोट काढलं त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर पहाटेपर्यंत माझ्या शेजारी तूच बसला होतास, त्यामुळे शुगर काय करते हे तुला मी सांगायची गरज नाही.

आधी एक, बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल. गोळी चालू असताना स्वतःच्या मनाने जेवणं कमी करू नकोस, काही गोळ्यांवर खाणं तोडलं की शुगर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, त्यामुळे काय करणार आहेस ते डॉक्टरांना सांग, डोस त्यांना ठरवू दे, मगच सुरू कर. एवढं माझं ऐकच.

आता माझं. गेल्या वर्षी जानेवारीत मी ९४ किलो होतो, उंची ५ फूट ७ इंच, एचबीएवनसी ६.२. म्हणजे ५.७ ते ६.४ ला प्रीडायबिटीस म्हणतात त्यात मी, ६.५ ची डायबिटीसची रेघ ओलांडली नव्हती इतकंच. घाबरलो आणि पहिल्यांदा दीक्षितच धरलं, कारण आमच्या सोसायटीत निम्मे लोक तेच करत होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं सोपं आहे, खरी भूक दोनदाच लागते, त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. प्रत्येक वेळी तोंडात काही टाकलं की इन्सुलिन सुटतं, ते सारखं सुटू द्यायचं नाही, हे त्यामागचं. मूळ विचार तुमच्या नागपूरच्या श्रीकांत जिचकारांचा, हे तुला तिकडे कोणीतरी सांगितलं असेलच.

मला त्याचा फायदा झाला, खोटं कशाला बोलू. तीन महिन्यांत ९४ चे ८७ झाले. पण का झाले ते मला नंतर वहीत लिहायला लागल्यावर कळलं. मी दिवसाला सहा चहा प्यायचो, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे, आणि दर चहाबरोबर खारी नाहीतर बिस्किटं. दीक्षितने ते सगळं एका फटक्यात बंद केलं. मग मे महिन्यात लग्नं सुरू झाली, आंबे आले, दोनदाच खायचंय म्हणून मी त्या ५५ मिनिटांत पोट तुडुंब भरायला लागलो, वर ॲसिडिटी, आणि जूनमध्ये काटा ९० वर. डाएटला मी दोष देत नाही, आईला ते जमलं, अजून चालू आहे तिचं. माझ्या दिवसाला ते बसलं नाही.

मग किटो. ऑफिसातल्या एका पोराने केलं होतं. पोळी, भात, भाकरी, डाळ, फळ, सगळं बंद, दिवसाला जेमतेम २०-३० ग्रॅम कार्ब्ज, बाकी पनीर, अंडी, चीज, लोणी. पहिल्या दोन आठवड्यांत साडेचार किलो गेले आणि मी हवेत. पण ते बरंचसं पाणी असतं बाळ्या. शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून बसलेलं असतं, कार्ब्ज तोडले की दोन्ही जातं, आणि परत खायला लागलास की दोन्ही परत येतं. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी घरात एकटा पडलो. सगळे वरणभात जेवतायत आणि मी कोपऱ्यात पनीर परततोय, धाकटी विचारायची बाबा तुम्ही आमच्यात का नाही जेवत. गणपतीत आईने ताटात उकडीचे दोन मोदक ठेवले, वर तूप, आणि ती काही न बोलता उभी राहिली. मी खाल्ले. नंतर दिवाळी, आणि ८४ वरून पुन्हा ८८.

त्या दिवाळीनंतर मी खूप खचलो होतो, तुला फोनवर जाणवलंही असेल. त्या वेळी हिने आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे व्हिडिओ लावले, त्यांचं म्हणणं बरोबर उलटं, थोडं थोडं दर दोन तासांनी खा, भात खा, तूप खा, आपल्या भागात पिकतं ते खा, पाकिटातलं नको. दर दोन तासांनी खाणं मला जमलं नाही, मीटिंगमध्ये असतो मी. पण एक भीती कायमची गेली, की भात म्हणजे विष. घरात परत ज्वारीची भाकरी आली आणि रात्रीचं जेवण साडेदहावरून साडेसातवर आलं, आणि हे एकटं माझं नाही, सगळ्यांचं. यात हिचे कष्ट जास्त आहेत, तीही सहाला ऑफिसातून येते, म्हणून आता भाजी मी सकाळीच चिरून ठेवतो आणि भाकऱ्या मी थापतो, पहिला महिनाभर कडा फाटायच्या, आता पाणी लावून तव्यावर उलटली की टम्म फुगते. तेलाचा ५ लिटरचा डबा आम्हा पाच जणांना पंचवीस दिवसांत संपायचा, आता दोन महिने जातो. एका मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात, फोडणी ओतताना आपण कधी मोजतच नाही.

खरं सांगू, वजन तिथून उतरलं, हळूहळू, महिन्याला जेमतेम किलोभर. आज ७९ आहे. एचबीएवनसी ५.६.

व्यायामाचं सांगतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका जिमला वर्षाचे पैसे भरले. पहिल्याच दिवशी ट्रेनरने उंची-वजन, गुडघे काही न विचारता शंभर स्क्वॉट्स मारायला लावले, उजवा गुडघा सुजला, तीन आठवडे जिना चढता येत नव्हता. पैसे परत नाहीत. मला राग त्याचा नाही जितका त्या गोष्टीचा आहे, की ९४ किलोचा माणूस घाबरत घाबरत पहिल्यांदा दारात आलाय हे त्या पोराला दिसलंच नाही. तू गेलास तर आधी महिनाभर हळू जा, आणि कोणी घाई केली तर सरळ नाही म्हण.

मग मी पर्वती धरली. १०३ पायऱ्या, लहानपणी आपण पळत चढायचो तीच. पहिल्या दिवशी पहाटे सहाला गेलो, चाळिसाव्या पायरीच्या आसपास छाती इतकी धडधडायला लागली की कठड्याला टेकून उभा राहिलो. पायऱ्या रुंद आहेत, धड एक पाऊल पुरत नाही धड दोन नाही, त्यामुळे श्वासाची लय सापडत नाही. तेवढ्यात नऊवारीतल्या एक आजी वरून खाली येत होत्या, हातात पिशवी, म्हणाल्या, "बसू नको रे, उभ्यानेच दम खा, आणि तिरकं चढ, नागमोडी." मी तसाच गेलो, चार ठिकाणी थांबत. वर पोचलो तेव्हा त्या दुसऱ्या फेरीला परत वर आल्या होत्या. आता मी सलग तीन फेऱ्या करतो, आणि त्या दिसल्या की नमस्कार करतो.

पण नुसतं चालणं-चढणं पुरत नाही हे मला उशिरा कळलं. खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि जेवणातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायूच. म्हणून या जानेवारीपासून सूर्यनमस्कार आणि बैठका. आजोबा औंध संस्थानात शिकले होते, तिथे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत नमस्कार सुरू केले होते, आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत रोज बारा घालायचे आणि मी पांघरुणातून बघायचो. तीन घातले की माझे हात थरथरायचे, आता चोवीस होतात, अधूनमधून भिंतीला टेकून पुशअप्स. आणि प्रोटीन वाढवलं, सकाळी दोन अंडी, रोज मोड आलेली मटकी नाहीतर मूग, वाटीभर दही. उपासाला साबुदाणा सोडला, त्यात नुसता स्टार्च असतो, आता भगर-आमटी आणि ताक.

तू लिहिलंयस, "माझं वजन ७३ च आहे यार, मला कुठून आली शुगर." यावर एक सांगतो. आमच्या पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण भारतीय असे असतो, हातपाय बारीक आणि चरबी आत, पोटात. म्हणून काटा बाजूला ठेव आणि वहिनींच्या शिवणाच्या डब्यातली टेप घे, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, ओढून न धरता. आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे. माझी कंबर १०८ होती, आता ९२ आहे, दोन अजून बाकी आहेत.

तर दीक्षित की किटो, तुझ्यासाठी मला वाटतं दोन्हीच्या आधी सकाळच्या तर्री पोह्यांवरच्या शेवेचं आणि दुपारच्या तीन चहांचं बघ, रात्रीचं जेवण आठच्या आत आण, आणि वहिनींना विचार त्यांना काय जमेल, कारण स्वयंपाकघर एक असतं. त्या नको म्हणाल्या तर ते डाएट घरात टिकत नाही, मी किटोत बघितलंय. सावजी सोडायची काही गरज नाही, महिन्यातून एकदा जा, तर्री कमी घे.

कंबरेचा आकडा मला आजच पाठव, लाजू नकोस, मी माझा सांगितलाय. तीन महिन्यांनी परत एचबीएवनसी करशील तेव्हा तोही पाठव. आणि दिवाळीत येतोयस ना, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पर्वतीच्या पायथ्याशी उभा असेन, बूट घेऊन ये, चपलेवर चढू नकोस. वर गेलं की पूर्वीसारखं शनिवारवाडा कुठे दिसतो ते शोधू.

तुझा,
मन्या