जर्मनीतल्या एस्लिंगनहून आबांना पत्र

एस्लिंगन,
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आबा,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "2009 च्या मंदीत तिकडच्या मशीन शॉपमधल्या माणसांचं काय झालं गं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आठवडाभर कामावरच्या जुन्या माणसांना विचारत होते, घरी आल्यावर वाचत होते. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या फोरमनना विचारलं, तर शुक्रवारी ते घरून 2009 ची फाइलच घेऊन आले. सगळ्या पगाराच्या स्लिपा महिन्यावार लावलेल्या. मे महिन्याची स्लिप काढून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं 'कुर्त्सआर्बाइटरगेल्ड', म्हणजे कमी तासांच्या कामाची भरपाई. तेव्हा शॉपमध्ये आठवड्याला तीनच दिवस काम होतं. त्या तीन दिवसांचा पगार कंपनीने दिला. उरलेल्या दोन दिवसांची जी रक्कम हातातून गेली, तिचे 67 टक्के रोजगार विम्याच्या निधीतून आले. मूलबाळ नसेल तर 60 टक्के मिळतात. त्यांना दोन लहान मुली होत्या. म्हणजे पाच दिवसांपैकी साधारण सव्वाचार दिवसांचा पगार घरी आला. हप्ते थकले नाहीत आणि मुख्य म्हणजे नोकरी गेली नाही. या निधीत कामगार आणि मालक दोघंही दर महिन्याला पैसे भरतात. माझ्याही स्लिपवर ती कपात असते. आजवर मी तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

मंदी इथे साधी नव्हती, आबा. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभरातून मशिनरीच्या, गाड्यांच्या ऑर्डरी आटल्या. हा देश निर्यातीवर जगणारा. 2009 मध्ये अर्थव्यवस्था 5 टक्क्यांहून जास्त आकसली. त्याआधीच, ऑक्टोबर 2008 मध्ये, चॅन्सलर मर्केल आणि अर्थमंत्री श्टाइनब्रुक टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे उभे राहून म्हणाले होते की लोकांच्या बँकेतल्या ठेवी सुरक्षित आहेत. ते लोकांना पटलं आणि बँकांपुढे रांगा लागल्या नाहीत. जुनी गाडी भंगारात देऊन नवी घेणाऱ्याला 2,500 युरो द्यायची योजनाही 2009 मध्ये आली. पण मला विचाराल तर खरं काम केलं ते या कमी तासांच्या योजनेने. मे 2009 मध्ये 14 लाखांहून जास्त कामगार तिच्यात होते. वर्षाची सरासरी बेकारी 33 लाखांच्या आसपास होती, ती 34 लाखांवर गेली, बस्स. एवढ्या मोठ्या पडझडीत एवढीच वाढ!

योजना काही नवी नव्हती. सरकारने तिची मुदत वाढवत 24 महिन्यांपर्यंत नेली, आणि मालकाला भरावा लागणारा सामाजिक विम्याचा अर्धा बोजा स्वतःवर घेतला. रिकाम्या दिवसांत कामगाराला शिकायला पाठवलं, तर सगळाच बोजा उचलला. आमचे फोरमन सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनचं, प्रोग्रॅमिंग त्याच दिवसांत शिकले. शिवाय इथे ओटीच्या तासांचं खातं असतं. चांगल्या दिवसांत जास्त केलेले तास त्यात जमा होतात. मंदी आली तेव्हा सगळ्यात आधी ते तास वापरले गेले.

हे ऐकताना मला आपली भोसरी आठवत होती. मी दहावीला होते. शनिवारी संध्याकाळी तुम्ही डबा घेऊन आलात आणि आईला एवढंच म्हणालात, "सोमवारपासून नाही." तुमच्याबरोबर अकरा जण. वर्षभराने काम परत आलं, तेव्हा त्याच शॉपला बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप राखणारा माणूस मिळेना, आणि तुम्ही तोवर दूध डेअरीवर लागला होतात. कायदा आपल्याकडेही होता, 1947 चा. ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर मूळ पगार आणि डीएच्या निम्मी भरपाई. पण ती 50 पेक्षा कमी माणसांच्या शॉपला लागू नव्हती, आणि ती द्यायची मालकानेच, ज्याच्याकडे ऑर्डर नाही त्यानेच! इथे ते ओझं सगळ्यांनी मिळून आधीच उचललेलं होतं. सगळा फरक इथेच पडला, असं माझं मत झालंय.

सगळं गोड होतं असं नाही. एजन्सीकडून आलेली माणसं, म्हणजे आपली ठेकेदाराची पोरं, इथेही सगळ्यात आधी बाहेर गेली. फोरमन म्हणाले, आमच्या ओळीतले चार जण ख्रिसमसआधीच गेले, त्यांची नावंसुद्धा आता आठवत नाहीत. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

आणि मंदी ओसरल्यावर सरकार काटकसरीच्या नादी लागलं, ते मला पटत नाही. 2009 मध्येच राज्यघटनेत कर्जाला लगाम घातला. नेहमीच्या वर्षात केंद्राची कर्जाने भागवायची तूट अर्थव्यवस्थेच्या 0.35 टक्क्यांपुरतीच. 2010 पासून कारखाने जोरात चालले, तिजोरी भरली, पण पूल आणि रेल्वे यांच्याकडे दुर्लक्ष झालं. ए-45 महामार्गावरचा राहमेडेचा पूल डिसेंबर 2021 मध्ये बंद करावा लागला आणि दीड वर्षाने सुरुंग लावून पाडला. 2024 च्या सप्टेंबरमध्ये ड्रेस्डेनमधल्या कारोला पुलाचा एक भाग नदीत कोसळला. शेवटी या मार्चमध्ये घटना बदलून 500 अब्ज युरोचा वेगळा निधी काढायचं ठरलं. माणसं सांभाळायला जो हात सैल सोडला, तो पुलांच्या बाबतीत इतका आखडायला नको होता.

इथे पुन्हा दिवस बरे नाहीत. गाड्यांचं काम कमी झालंय. आमच्याकडेही पुढच्या महिन्यापासून आठवड्याला चारच दिवस, असं नोटीस बोर्डावर लागलंय. आईला सांगा, काळजी करू नकोस, पगाराची स्लिप मी पाठवीन, ती ओळ तिला दाखवा.

फोरमननी फाइल मिटताना मला विचारलं, तुझे वडील परत लेथवर गेले का? मी नाही म्हणाले. मग त्यांनी तुम्ही कोणता लेथ चालवायचात ते विचारलं, आणि तेही मला सांगता आलं नाही. एवढं कळवा. कपाटातल्या तुमच्या मायक्रोमीटरचा फोटो दादाला काढून पाठवायला सांगा, मी त्यांना दाखवीन म्हटलंय.

तुमची,
सुमी