शेअर्ड मेमरी बनली म्हणजे वापरायला तयार झाली असं नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतलं प्रोग्रॅमिंगवरचं लिखाण मी आवर्जून वाचतो, पण त्यात थ्रेडबद्दल भरपूर येतं आणि वेगवेगळ्या प्रोसेस एकच मेमरी वापरणार असतील तर ती पहिल्यांदा कोणी आणि कशी भरायची यावर काहीच येत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे लिनक्सवर चार प्रोसेस एकदम सुरू व्हायच्या आणि कधीतरी त्यातली एक सुरू होताच सिगबस (मागे काहीच नसलेल्या मेमरीला हात लावल्यावर येणारा सिग्नल) येऊन मरायची. परत चालवली की नीट. कोड वाचून चूक सापडेना, कारण सेगमेंट, म्हणजे शेअर्ड मेमरीचा तुकडा, बनवताना ओ-क्रिएट (‘नसेल तर बनव’) आणि ओ-एक्सक्ल (‘आधीच असेल तर एरर दे’) हे दोन्ही पर्याय दिलेले, म्हणजे बनवणारी एकच, बाकीच्यांना ‘आधीच आहे’ ही एरर येणार आणि त्या नुसतं उघडणार. पण नवीन सेगमेंटची साइज शून्य असते! पहिलीने एफट्रंकेट करून साइज द्यायच्या आधीच दुसरीने उघडून एममॅप केलं, म्हणजे सेगमेंट आपल्या मेमरीत जोडून घेतलं, तर एममॅप काही बोलत नाही, पहिला बाइट वाचायला गेलं की खलास.

यावर बरेच जण एक सेकंदाचा स्लीप टाकतात, तो प्लीज टाकू नका, मशीनवर लोड आला की तो सेकंदही पुरत नाही. साइज येईपर्यंत थांबणंही अर्धवटच आहे, कारण साइज आली तरी आतला म्युटेक्स (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप) इनिशियलाइज झालेला नसतो. मग लोक ‘रेडी’ फ्लॅग ठेवतात, नवीन मेमरी शून्यांनी भरलेली मिळते म्हणून शून्य म्हणजे ‘अजून नाही’, हे छान आहे, पण फ्लॅग साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवला तर एक्स८६ प्रोसेसरवर वर्षभर चालेल आणि एआरएम प्रोसेसरवर फ्लॅग आधी दिसेल, डेटा नंतर. आणि बनवणारी प्रोसेस मध्येच मेली तर बाकीच्या कायमच्या वाट बघत बसणार.

म्हणून माझं स्पष्ट मत, वेगळ्या लॉक फाइलवर एफलॉक (कर्नलने सांभाळलेलं फाइलचं कुलूप) घ्या, फ्लॅग त्या लॉकमध्येच बघा, तयार नसेल तर सगळं पहिल्यापासून भरा, शेवटी फ्लॅग लावा आणि मगच लॉक सोडा. प्रोसेस मेली तरी कर्नल तो लॉक सोडवतो, पुढची येऊन काम पुरं करते. म्युटेक्स वेगवेगळ्या प्रोसेसना वापरता यावा म्हणून त्याला ‘प्रोसेस शेअर्ड’ अॅट्रिब्यूट द्यायला विसरू नका, आणि तो धरलेली प्रोसेस मेली तर बाकीच्यांना कळावं म्हणून ‘रोबस्ट’ही द्या. सगळ्या प्रोसेस एकाच पॅरेंटच्या असतील तर लॉक फाइल आणि फ्लॅग काहीच नको, फोर्कच्या (पॅरेंटमधून नवीन प्रोसेस बनवण्याच्या) आधी भरून टाका.

अजून एक, हे सेगमेंट सगळ्या प्रोसेस बंद झाल्या तरी अनलिंक करून काढेपर्यंत किंवा रीबूट होईपर्यंत तसंच राहतं. प्रोग्रामचं नवीन व्हर्जन टाकलं की जुना ‘रेडी’ फ्लॅग बघून ते जुन्याच मांडणीतला डेटा वाचायला लागतं, तेव्हा फ्लॅगच्या शेजारी मांडणीचा व्हर्जन नंबरही ठेवा.

जागा असेल तर यावर एक सविस्तर लेख छापा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक