ड्रोनचे कागद कुणी मागेल का? मा. मुरलीधर मोहोळ यांना खुले पत्र

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक व सहकार

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरला मानेवाडा भागात राहते. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका झाल्यावर काही वर्षं एका सल्लागाराकडे डीजीपीएस, म्हणजे जागेचं नेमकं स्थान मोजणारं यंत्र, खांद्यावर घेऊन मोजण्या केल्या. मग घरच्यांकडून उसने पैसे घेऊन स्वतःचा ड्रोन घेतला. माझ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आहे, ड्रोनला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, आहे, थर्ड पार्टी विमा आहे. धाकटा भाऊ मदतीला असतो. तलावातला गाळ, मुरमाच्या खाणी, नवीन लेआउट, रस्त्यांची कामं यांची आम्ही मोजणी करतो. कागद एकही कमी नाही, आणि तरी हातातून काम जातं. ते का जातं, हे आपल्याला कळावं म्हणून हे पत्र.

गेल्या उन्हाळ्यात एका शासकीय कार्यालयाला एका तलावातून किती गाळ निघाला ते मोजून हवं होतं. उपसण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोनदा उड्डाणं. नेहमीप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली गेली. माझा दर दोन्ही मोजण्यांचा मिळून ३८ हजार होता. काम १४ हजारांना गेलं. ज्याला मिळालं त्या मुलाला मी ओळखते. लग्नांत ड्रोन उडवतो, हात चांगला आहे. पण त्याच्या ड्रोनला नोंदणी नाही, त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, विमा नाही. दरपत्रक मागवणाऱ्या पत्रात यातलं काहीच मागितलेलं नव्हतं. कार्यालयातल्या बाबूंना मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "ताई, आम्हाले दर पाहा लागते. तुम्ही कायले एवढे मागता? वीस मिनिटं तर उडते ते."

पावसाळ्याच्या तोंडावर त्याच कार्यालयातून मला फोन आला. हातात आलेला व्हिडिओ सुंदर होता, पण त्यातून घनमीटर काही निघेना. उपसा आधीच होऊन गेला होता. आधीची पातळी आता कुठून आणणार?

वीस मिनिटं उडतं हे खरं आहे. त्या वीस मिनिटांच्या आधी तलावाच्या काठावर जमिनीवरचे नियंत्रण बिंदू, म्हणजे फोटोत दिसतील अशा खुणा, मांडावे लागतात आणि प्रत्येकावर डीजीपीएस लावून थांबावं लागतं. फोटो एकमेकांवर ७५ ते ८० टक्के चढतील अशी उड्डाणाची आखणी करावी लागते. मग शेकडो फोटो घेऊन संगणक रात्रभर चालतो. सकाळी तपासणीच्या बिंदूवर चूक काही सेंटिमीटरच्या बाहेर दिसली, तर पुन्हा काठावर जावं लागतं. गाळाचा आकडा यातून येतो. त्या आकड्यावर कंत्राटदाराचं बिल निघतं, म्हणजे शेवटी लोकांचा पैसा जातो.

साहेब, माझा दर कसा बसतो ते मी इथे उघड मांडते. या धंद्यात कुणी तो सांगत नाही, आणि म्हणून मागणारा आणि देणारा दोघंही अंधारात असतात. टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता, असलेला माझा ड्रोन साडेचार लाखांचा. तीन वर्षांत तो जुना होतो असं धरलं तर वर्षाला दीड लाख. बॅटऱ्या ६० हजार. नागपूरच्या उन्हात पारा ४५ च्या वर गेला की बॅटरी फुगते आणि अकरानंतर उडवणं म्हणजे ड्रोन हातचा घालवणं. विमा २२ हजार, सॉफ्टवेअर ९० हजार, पाती, मोटर आणि दुरुस्ती ३८ हजार. सगळे मिळून ३ लाख ६० हजार. पावसाचे महिने, वाऱ्याचे दिवस आणि मे महिन्यातल्या वाया गेलेल्या दुपारी वजा केल्या तर वर्षाचे कामाचे दिवस माझ्याकडे ९० भरतात. म्हणजे ड्रोन पेटीतून बाहेर काढण्याआधीच एका दिवसाचे ४ हजार झालेले असतात. त्यात आम्हा दोघांची मजुरी नाही, पेट्रोल नाही, संगणक नाही, प्रशिक्षणाला घातलेले ५० हजार नाहीत. गाळाच्या त्या कामासाठी मी काठावरचे चार दिवस धरले होते आणि घरातले सहा.

नियम अवघड आहेत अशी माझी तक्रार नाही. ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ ला आले तेव्हा मी आनंदाने पेढे वाटले होते. नोंदणीची फी १०० रुपये, प्रमाणपत्राची १०० रुपये, प्रमाणपत्र १० वर्षं चालतं, सरकारच्या ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत कुणाची परवानगी लागत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये लायसन्स हा शब्दच गेला आणि प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र पुरेसं झालं. पुढच्या वर्षी पासपोर्टची अटही गेली, त्यामुळे खेड्यातली मुलं अर्ज करू लागली. ड्रोनवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. यासाठी आपल्या मंत्रालयाचे मनापासून आभार.

पण नियम पाळण्याचा खर्च दरात धरला जात नाही. दर ठरवणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. महापालिका, जिल्हा परिषद, खाण, सिंचन, रस्ते, सगळीकडे ड्रोनचं काम वाढतंय. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणं ड्रोननेच मोजली गेली. सुदूर संवेदनाचं राज्याचं केंद्र, एमआरसॅक, आमच्याच शहरात आहे. एवढं सगळं असून कार्यारंभ आदेशात नोंदणी क्रमांक लिहायला साधी रेघही नसते. कायदा करणाऱ्या सरकारच्याच कार्यालयात कायदा मोडून भरलेलं दरपत्रक सगळ्यात स्वस्त ठरतं आणि काम घेऊन जातं. मला याचं फार वाईट वाटतं.

पत्र वाचून कुणी त्या लग्नाच्या ड्रोनवाल्यांवर धाड घालायला निघेल, अशी भीती मला वाटते. तसं होऊ नये. ती मुलं माझ्या ओळखीची आहेत, काहींना मीच आखणी शिकवली. ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार परदेशी ड्रोनची आयात बंद झाली, पण बाजारात ते मिळतच राहिले आणि लग्नांत आजही मला तेच दिसतात. त्यांना टाइप सर्टिफिकेट नाही, म्हणून नोंदणी होत नाही. ६०-७० हजारांत घर चालवणारं साधन घेतलेल्या मुलाला आज नियमात यायचं म्हटलं, तर आहे ते टाकून कितीतरी जास्त किमतीचं घ्यावं लागतं. आजच्या नियमांत दंड १ लाखापर्यंत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रालयाने जो विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी मांडला, त्यात तुरुंगवासही सुचवला होता. शिक्षा वाढवण्याआधी या मुलांना आत येण्याचं दार द्या. नियम आले तेव्हा जुन्या ड्रोनना ३१ दिवसांची नोंदणीची मुदत दिली होती. तशी मुदत पुन्हा एकदा, निदान २ किलोच्या आतल्या कॅमेरा ड्रोनसाठी द्यावी, आणि ती मराठीत, स्टुडिओ-स्टुडिओपर्यंत पोचेल अशी जाहीर करावी.

आमच्या शहराची अडचणही समजून घ्या. सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनेचं ठाणं शहराला लागूनच आहे. एका अंगाला कामठीची छावणी, दुसऱ्या अंगाला अंबाझरीचा आयुध कारखाना. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवं क्षेत्र आहे, त्याच्या आत पिवळं आणि लाल, म्हणजे परवानगी लागणारं. वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये वरातीवर उडणारा ड्रोन लाल क्षेत्रात असतो हे लॉनमालकाला माहीत नसतं, नवरदेवाच्या बापाला तर नाहीच. आणि जिथे खरोखर परवानगी लागत नाही, तिथे मला अडवलं जातं. शहरापासून बरंच लांब, हिरव्या क्षेत्रात, एका खाणीवर मी फोनवर नकाशा दाखवत उभी होते. पोलीस ठाण्यातून आलेले साहेब भले होते, पण म्हणाले, "वरून परवानगी आणा." वरून म्हणजे कुठून, ते त्यांनाही सांगता येईना. लागतच नाही ती परवानगी मी आणणार कुठून? अर्धा दिवस गेला, ऊन चढलं, घरी परत आलो. डीजीसीएने, म्हणजे आपल्या मंत्रालयाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, एका पानाचं परिपत्रक काढून प्रत्येक पोलीस ठाण्याला मराठीत पाठवलं, तर असे दिवस वाचतील. पोलिसांनी नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र जरूर तपासावं, मला ते हवंच आहे.

आता दराबद्दल. काही मित्र म्हणतात, आपण सगळ्यांनी बसून एक दर ठरवू आणि त्याखाली कुणी जाऊ नये. मी त्याला नाही म्हटलं. स्वतंत्र धंदेवाल्यांनी आपसात दर बांधणं स्पर्धा कायद्याला मान्य नाही, आणि नागपुरात बांधलेला दर अमरावतीचा मुलगा येऊन मोडणार. बांधकाम खात्याकडे मातीकामाची, काँक्रीटची दरसूची असते, तशी ड्रोन मोजणीची बाब दरसूचीत यावी. हेक्टरी दर, नियंत्रण बिंदूंचा दर वेगळा, प्रक्रियेचा वेगळा, अचूकता किती हवी तेही लिहिलेलं. राज्याची दरसूची आपल्या हातात नाही हे मी जाणते. केंद्राची कार्यालयं आणि सार्वजनिक कंपन्या मात्र आहेत. वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं, मुख्यालय नागपुरातच आहे. केंद्र सरकारने आपल्या निविदांत नोंदणी क्रमांक, पायलट प्रमाणपत्र आणि विमा या तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात, आणि राज्यांना तसं पत्र लिहावं.

आपल्याकडे सहकार खातंही आहे, म्हणून आणखी एक मागणं. दहा कुटुंबांतली दहा माणसं जमली की आपल्या राज्यात सहकारी संस्था नोंदता येते. मजूर संस्थांना आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना कामवाटपात वाटा देण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. ड्रोनचालकांच्या सहकारी संस्थेलाही तसा वाटा मिळाला तर लग्नवाला मुलगा, माझ्यासारखी मोजणीवाली आणि फवारणी करणारी ड्रोन दीदी एका संस्थेत येतील. डीजीपीएस एकच घ्यावं लागेल, सॉफ्टवेअर एकच, विमा एकत्र. काटोल-नरखेडच्या संत्रा बागांमध्ये ज्या बायका फवारणी करतात त्यांनाही हाच त्रास आहे. बिनाकागदाचा फवारणीवाला एकरी शंभर रुपये कमी सांगतो आणि निघून जातो. ८० टक्के अनुदानाने, म्हणजे ८ लाखांपर्यंत सरकारने मदत केलेला तो ड्रोन मग गोठ्यात पडून राहतो.

संस्थेसाठी आम्ही सात जण तयार झालो आहोत. उरलेले तिघं कागद नाहीत म्हणून बिचकत आहेत. आपण नागपूरला याल तेव्हा अर्धा तास दिलात तर त्या तिघांनाही घेऊन येईन.

सोमवारी मला एका कार्यालयात पुन्हा दरपत्रक द्यायचं आहे. तिन्ही कागदांच्या प्रती मागितलेल्या नाहीत, तरी सोबत जोडणार आहे. या पत्राची प्रतही जोडेन.

आपली नम्र,
नागपूरची एक प्रमाणपत्रधारक ड्रोनचालक