रक्तगट जुळला, तरी किडनी नाकारली गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा ती अमळनेरहून जळगावला डायलिसिसला जाते. मेहुणे, म्हणजे तिचा नवरा, किडनी द्यायला तयार झाले, दोघांचा रक्तगट एकच निघाला आणि आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. कागदपत्रं, मेहुण्यांच्या तपासण्या, मुंबईच्या फेऱ्या यांत सात महिने गेले. शेवटी क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं सीरम एकत्र करून बघायची तपासणी, पॉझिटिव्ह आली. म्हणजे मेहुण्यांची किडनी तिला चालणार नाही. बाहेर बाकावर बसून ती एवढंच म्हणाली, "भाऊ, आते काय?"

रक्तगटापलीकडे काही जुळावं लागतं, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात. निम्म्या आईकडून, निम्म्या वडिलांकडून आलेल्या. परक्या खुणांशी गाठ पडली की शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार करू शकतं. अशी गाठ गरोदरपणात पडते, रक्त चढवल्यावर पडते, आधीच्या प्रत्यारोपणातही पडते. बहिणीला तीन मुलं. पोटातल्या बाळाच्या निम्म्या खुणा बापाच्या, म्हणून बाईच्या रक्तात नेमक्या नवऱ्याच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी असू शकतात. आपल्याकडे बायकोला किडनी द्यायला नवरा पुढे आला की सगळे त्याचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण अँटिबॉडीची तपासणी तिथेच सगळ्यात आधी व्हायला हवी.

त्यात डायलिसिस सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन घसरलं म्हणून तिला पाच पिशव्या रक्त दिलं गेलं. जीव वाचवायला रक्त द्यावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे प्रत्यारोपणाचा विचार आहे का, असं एकदाही कुणी विचारलं नाही, हे सलतं.

हे ज्ञान नवं नाही. पटेल आणि तेरासाकी या संशोधकांनी १९६९ मध्येच दाखवून दिलं होतं, की क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० किडन्यांपैकी २४ लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. आज तर नेमक्या कोणत्या खुणेविरुद्ध आणि किती अँटिबॉडी आहेत, हेही रक्तातून कळतं. प्रत्यारोपणानंतरही ही तपासणी लागते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चुकल्या तर नव्या अँटिबॉडी उभ्या राहू शकतात, आणि किडनी बिघडल्याचं दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

क्रॉसमॅचला दात्याच्या जिवंत पेशी लागतात, त्यासाठी मोठ्या शहरात जाणं आम्हाला मान्य आहे. पण रुग्णाच्या अँटिबॉडी शोधायला फक्त त्याच्या रक्तातलं सीरम, म्हणजे पेशी वगळून उरणारा पातळ भाग, पुरतं, आणि ते गोठवून पाठवता येतं. मग जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हे नमुने घेऊन मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत का पाठवू नयेत? सातपुड्यातल्या सिकलसेलच्या अनेक रुग्णांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांतल्या कुणाला पुढे प्रत्यारोपणाची गरज पडली तर त्यांचाही हाच प्रश्न असेल. तपासणीचा खर्च सरकारी आरोग्य योजनेतून व्हावा, आणि डायलिसिस सुरू होतानाच रुग्णाची गरोदरपणं व आधी चढवलेलं रक्त यांची नोंद त्याच्या फाइलवर व्हावी.

सख्ख्या भावंडांत सगळ्या खुणा जुळण्याची शक्यता चारात एक असते. आता मी तपासणीला उभा राहतो आहे. या खेपेला बहिणीचा अँटिबॉडीचा अहवाल आधी हातात घेऊ, मगच मुंबईची गाडी धरू.

आपला,
एक वाचक, अमळनेर