केशवरावांच्या नाट्यगृहासाठी : पडद्यामागच्या माणसांना हात द्या, जुने फोटो द्या

नाट्यरसिकहो, सप्रेम नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकांचे थोर गायक-नट केशवराव यांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळ्याची राख झाली. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून १९१५ साली हे थिएटर उभं केलं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. एका अंगाला शड्डू, दुसऱ्या अंगाला नांदी. आमच्या गावाला दोन्हींचं वेड त्यांनीच लावलं. तिसरी घंटा झाली की विंगेतला प्रत्येकजण वाकून आधी फळ्यांना हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा आणि मगच उजेडात पाऊल टाकायचा. त्या फळ्याच आता नाहीत.

वास्तू सरकार आणि महापालिकेनं बांधायची आहे आणि होती तशीच बांधायची आहे, हा आमचा आग्रह आहे. त्यासाठी आम्ही तुमच्याकडे पैसे मागत नाही. मागतो ते पडद्यामागच्या माणसांसाठी. नेपथ्य उभारणारे, लाइट लावणारे, मेकअपवाले, कपडेपटवाले, पडदा ओढणारे. प्रयोग झाला तरच यांच्या हातात पाकीट पडतं, आणि प्रयोग तर बंदच झाले. यातली बरीचशी माणसं तोंड उघडून मागणारी नाहीत. आगीनंतर एकजण रोज संध्याकाळी नाटकाच्या वेळेला येऊन समोरच्या फूटपाथवर नुसता उभा राहत होता. घरी काय सांगायचं, एवढंच तो म्हणाला. नाट्यगृह पुन्हा उघडेपर्यंत अशा घरांत दरमहा किराणा आणि मुलांची फी पोहोचवायची, असं आम्ही ठरवलंय. शंभर रुपये असोत की हजार, पावती घेऊनच द्या. हिशेब दर महिन्याला फलकावर लावू.

दुसरं मागणं पैशाचं नाही. आतलं छत, रंगमंचाची कमान, बाल्कनी, मेकअपरूम यांचे जुने फोटो, प्रयोगांची चित्रफीत, हँडबिलं, तिकिटं, जे ट्रंकेत असेल ते आणा. स्नेहसंमेलनाच्या फोटोत मागे दिसणारा कोपराही कामाचा आहे. कारागिरांना मापं आणि नक्षी त्यातूनच मिळेल. तुमच्यासमोर स्कॅन करून मूळ प्रत लगेच परत देऊ.

कलेसाठी आणि कलेतून मदत उभी करणं केशवरावांना नवं नव्हतं. जुलै १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी आणि तेवढेच गाजलेले गायक-नट बालगंधर्व यांनी ‘मानापमान’ नाटकाचा एकत्र प्रयोग, म्हणजे ‘संयुक्त मानापमान’ केलं, ते स्वातंत्र्य चळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधराच्या भूमिकेत, बालगंधर्व भामिनीच्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले. त्यांच्या नावाच्या वास्तूतल्या माणसांसाठी झोळी पसरताना आम्हाला संकोच वाटत नाही.

नाट्यगृहाच्या फाटकाशी रोज संध्याकाळी ६ ते ८ आमचे कार्यकर्ते टेबल टाकून बसलेले असतात. बाहेरगावच्या मंडळींनी कोल्हापुरातल्या आपल्या पाहुण्यांच्या हाती पाकीट पाठवलं तरी चालेल. वर नाव आणि गाव तेवढं लिहा.

आपले,
कोल्हापुरातील रंगकर्मी व नाट्यरसिक