थोरलीचं जीएनएम आणि आजीची टाच

लेस्टर, इंग्लंड
दि. १८ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांस,
साष्टांग नमस्कार.

तिळगूळ घ्या, गोड बोला. संक्रांतीला माझी कामाची लांब पाळी होती, सकाळी आठ ते रात्री आठ. बेलग्रेव्ह रोडवरून आणलेले तीळ अजून पुडीतच आहेत. परवा फोनवर तू एवढंच म्हणालास की थोरलीला जीएनएम, म्हणजे तो नर्सिंगचा कोर्स, सोडायचाय, एजंट भेटलाय, "आत्यासारखी केअरला जाते" म्हणते. मग लाइन तुटली की तू ठेवलास, कळलं नाही. फोनवर आपण दोघं भांडतो, म्हणून लिहून काढते. वहिनी, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मिश्रीचा भाग तर आजीच्या कानाशी बसून वाचा.

आधी एजंटाचं, कारण ते लवकर संपतं. केअरच्या, म्हणजे म्हाताऱ्या-आजाऱ्यांना सांभाळायच्या, कामासाठी परदेशातून नवीन माणूस घेणं इथल्या सरकारनं २२ जुलै २०२५ पासून बंद केलंय. मी आले तेव्हा, २०२२ साली, त्यांनी केअर वर्करना तुटवड्याच्या यादीत घातलं होतं, म्हणून माझं जमलं. ११ मार्च २०२४ पासून नवीन येणाऱ्यांना नवरा-पोरं आणायला बंदी आली आणि गेल्या जुलैत दारच लावलं. तेव्हा तो माणूस जे स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट (इथल्या मालकानं व्हिसासाठी द्यायचा कागद) लाखांच्या भावात देतो म्हणतोय, ती मुळात विकायची वस्तूच नाही. तुझ्या द्राक्षबागेचा माल उचलून गेलेला तो व्यापारी आठव, ज्याचा चेक वटलाच नाही. हा त्याचाच भाऊ समज. एक रुपया देऊ नका.

पण दार उघडं असतं तरी मी हेच लिहिलं असतं. का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

तुम्हा सगळ्यांना वाटतं मी इथं म्हाताऱ्यांचं धुणं-पुसणं करते. करतेच. पण पहिल्या दिवशी मला कुणाला हातही लावू दिला नव्हता. आधी ट्रेनिंग, मग दुसऱ्याच्या मागं मागं फिरायचं, मग कुणीतरी बघत असताना करायचं. त्याला केअर सर्टिफिकेट म्हणतात, साधारण बारा आठवड्यांचं. २०१३ साली कॅमिला कॅव्हेंडिश नावाच्या बाईंनी सरकारला अहवाल दिला की मदतनीस लोकांना कुठं काय शिकवतात याला काही धरबंधच नाही. त्यातून एप्रिल २०१५ मध्ये हे सर्टिफिकेट निघालं. माझ्या वेळी पंधरा भाग होते, गेल्या वर्षी सोळावा जोडला, मतिमंदत्व आणि ऑटिझम असलेल्या माणसांशी कसं वागायचं त्याचा. ("मतिमंद" हा शब्द इथं कुणी काढत नाही हं. लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात. मलाच चांगला मराठी शब्द सुचेना.)

बरेचसे भाग कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून उरकतात, आणि खरं सांगू, अर्धे लोक व्हिडिओ लावून चहा पितात. पण तेवढ्यानं सही मिळत नाही. प्रत्यक्ष माणसाबरोबर काम करताना कुणीतरी बघावं लागतं. खरड छाटणी तू मला वहीत लिहून दिलीस म्हणून मला येईल का? तसंच आहे ते.

होइस्टचा दिवस मी विसरणार नाही. होइस्ट म्हणजे माणूस उचलायचं यंत्र. ज्याला उभं राहता येत नाही त्याच्या अंगाखाली कापडी झोळी सरकवायची, चारी टोकांचे बंद यंत्राच्या आकड्यांना अडकवायचे आणि बटणानं वर घ्यायचं. ट्रेनरबाईंनी विचारलं, आधी कोण झोपतंय? सगळ्यांत लहानखुरी मी, मलाच पुढं ढकललं. झोळी घट्ट होत गेली, गुडघे छातीकडं आले, पाठीखालची गादी सुटली आणि मी लटकले. नेमकी तेव्हाच ट्रेनरबाई वळून दुसरीशी सुट्टीच्या रजिस्टरबद्दल बोलायला लागली. अर्धा मिनिट असेल. मी छताकडं बघत होते, हात कुठं धरायचा कळेना, आणि ओरडायची लाज वाटली. खाली घेतल्यावर ती म्हणाली, मी मुद्दाम बोलत होते, आता कुणाला वर घेतलंस की तोंड बंद ठेवू नकोस, त्याच्याशी बोल.

त्याच दिवशी तिनं काखेत हात घालून उचलणं करून दाखवलं आणि म्हणाली, हे कधीही करायचं नाही, यानं खांदा निखळतो. दादा, आपण आजोबांना शेवटचं वर्षभर कसं उचलत होतो? तू एका काखेत, मी एका काखेत. ते खांदा दुखतो म्हणायचे आणि आपण म्हणायचो, वयाचं आहे. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

सर्टिफिकेटनंतर लेव्हल टू, लेव्हल थ्री असे डिप्लोमे. थ्री मी गेल्या वर्षी पुरा केला, दीड वर्ष लागलं, रात्रपाळीत दोन ते चारच्या मधे बसून लिहिलं. आता मी सीनियर आहे. म्हणजे औषधांची गाडी माझ्याकडं, पाळी बदलताना कोण जेवलं, कोण पडलं, कुणाचं पोट साफ नाही हे पुढच्यांना सांगायचं ते माझ्याकडं, डॉक्टरला फोन करायचा तो मी. यापुढं लेव्हल फोर, आणि फाइव्ह म्हणजे मॅनेजर होणाऱ्यांचं. मॅनेजरला वर सरकारी तपासणी खात्याकडं नोंदणी करावी लागते, काही वाकडं झालं तर तिचं नाव.

पैशाचं विचारशीलच. कायद्यानं इथं २०२५-२६ सालची किमान मजुरी तासाला १२.२१ पौंड आणि मी त्याच्या थोडी वर. लेव्हल थ्री आणि सीनियरपण दोन्ही मिळून तासाला साठ पेन्स वाढले. साठ पेन्स, दादा. सत्तर-एक रुपये. गोळ्या चुकल्या तर जबाब माझा, आणि वाढ एवढी. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी पोरगी माझ्या आसपास मिळवते आणि तिला कुणाचं डायपर बदलावं लागत नाही. हे थोरलीला वाचून दाखव, तिला आत्याच्या फोटोतला बर्फच दिसतो.

आणि चुका होतात. गेल्या जूनमध्ये माझ्याकडून झाली. नियम असा की गोळी तोंडात, वर पाणी, गिळली का बघायचं आणि मगच तक्त्यावर सही. बाराव्या खोलीतल्या आजींना गोळी दिली, तेवढ्यात शेजारच्या खोलीची घंटा वाजली, मी सही करून पळाले. संध्याकाळी खुर्चीची उशी झटकताना ती गोळी टिशूत गुंडाळलेली सापडली. रक्तदाबाची. कुणी बघितलं नव्हतं. मी पाच मिनिटं ती हातात धरून उभी राहिले, मग जाऊन सांगितलं. डॉक्टरला फोन, आजींच्या मुलीला फोन, घटनेचा कागद, आणि मला महिनाभर गाडीवरून काढलं. पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा तीन वेळा कुणीतरी शेजारी उभं राहून बघणार, मग सही. लाज वाटली, पण कुणी शिवी दिली नाही. मिरजेत मी दवाखान्याच्या काउंटरवर होते तेव्हा तिथल्या मावशींना चुकीबद्दल काय काय ऐकावं लागायचं ते आठवलं. म्हणूनच त्या चूक लपवायच्या.

आता मूळ मुद्दा. थोरलीला वाटतंय केअरर म्हणून गेलं की चढत चढत नर्स होता येतं. एजंटही तेच सांगत असणार. तसं नाही. मिरज जंक्शनला दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, एक पंढरपूरकडं जाते, एक बेळगावकडं. डबे बदलून उपयोग नाही, गाडीच वेगळी. माझे टू, थ्री, फोर, फाइव्ह सगळे केअरचे. नर्सची नोंदणी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडं होते, तिथं माझा डिप्लोमा चालत नाही. मधे एक नर्सिंग असोसिएट म्हणून पद काढलंय, त्यांची नोंदणी जानेवारी २०१९ पासून सुरू झाली, पण त्यालाही दोन वर्षांचं शिक्षण वेगळं. पूर्ण नर्स व्हायचं तर इथं तीन वर्षांची डिग्री. आणि एक गंमत ऐक, इंग्लंडात केअररची नोंदणी कुठंच होत नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये करतात. इथं नाही. म्हणून एका मालकाकडचं केअर सर्टिफिकेट दुसरा मानेलच असं नसतं. माझ्याबरोबरची झिम्बाब्वेची बाई हात धुवायचा तोच व्हिडिओ तिसऱ्या नोकरीत तिसऱ्यांदा बघत होती. आता २०२४ पासून लेव्हल टूचं एक पक्कं सर्टिफिकेट काढलंय, जिथं जाल तिथं चालावं म्हणून. बघू.

उलट आमच्याकडची केरळची सिस्टर बघ. ती माझ्यासारखीच केअरर म्हणून आली, पण तिच्याकडं घरून जीएनएम आणि वॉर्डचा अनुभव होता. दिवसा आमच्याबरोबर चादरी बदलायची, रात्री अभ्यास. इंग्रजीची परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची, मग प्रत्यक्ष करून दाखवायची ती ओएससीई. आता निळा डगला घालून नर्सिंगचा सगळा मजला ती सांभाळते. तिच्यात आणि माझ्यात हुशारीचा फरक नाही असं तीच म्हणते. फरक त्या कागदाचा, जो थोरली दुसऱ्या वर्षाला टाकून द्यायला निघालीय. तिला सांग, जीएनएम पुरं कर, महाराष्ट्राच्या कौन्सिलमध्ये नाव घाल, मिरजेत वर्ष-दोन वर्षं वॉर्ड कर. मिरजेला दवाखान्यांना काय तोटा? मग इंग्रजीच्या फीचे पैसे मी पाठवते. हे लिहून देते.

होस्टेलचं जेवण वाईट आणि मेट्रन ओरडते म्हणून सोडायचं असेल तर मात्र तू तिच्यावर ओरडू नकोस. तिला आधी विचार.

विचारण्यावरून मिश्रीचं. इथं २००५ चा एक कायदा आहे, आम्हाला घोकून घेतात: माणसाला आपलं आपण ठरवता येतं असं धरूनच चालायचं, आणि त्याचा निर्णय आपल्याला खुळेपणाचा वाटला म्हणून त्याला अक्कल नाही असं म्हणायचं नाही. बाराव्या खोलीतल्या आजी हिवाळ्यात आठवड्याला एकच अंघोळ करतात. सुरुवातीला मी मागं लागायचे. आता नुसतं विचारते, नाही म्हणाल्या की गरम फडकं आणि पावडर देते. तू आजीची मिश्रीची डबी कपाटावर लपवलीस म्हणे. चांगली नाही मिश्री, मला माहीत आहे. पण शहाण्णव वर्षांच्या बाईला न विचारता? दे काढून.

वहिनी, हे फक्त तुमच्यासाठी. तुम्ही जे एकट्या करताय त्याला इथं दोन माणसं आणि एक यंत्र लागतं. दोन-तीन गोष्टी तेवढ्या बदला. आजीला पाणी पाजताना आडवी ठेवू नका, पाठीला लोड लावून नीट बसवा, हनुवटी थोडी खाली, चमच्यानं घोट घोट. ठसका तरीही लागत असेल तर डॉक्टरला दाखवा, पाणी आपल्या मनानं घट्ट करू नका. काखेत धरून वर ओढू नका. खाली दुहेरी चादर आडवी घाला आणि दादाला दुसऱ्या बाजूनं धरायला लावा, द्राक्षं काय पाच मिनिटांत पिकून पडत नाहीत.

आणि टाच. गादीवर टेकून राहिली की तिथं आधी जखम धरते. पिंढरीखाली उशी घाला, टाच अधांतरी राहिली पाहिजे. दोन-दोन तासांनी कूस बदला. इथल्या पुस्तकात लिहिलंय, कातडी लाल दिसली की सावध व्हा, पण ती चित्रं गोऱ्या कातडीची. केरळच्या सिस्टरनं मला सांगितलं, आपल्या रंगावर लाल दिसतच नाही, हाताच्या पाठीनं गरम लागतंय का बघ, आजूबाजूपेक्षा टणक किंवा पिळपिळीत लागतंय का बघ. हे मला कुठल्याच लेव्हलला कुणी शिकवलं नव्हतं.

मॅनेजरबाईंनी मला लेव्हल फाइव्ह करून डेप्युटी हो म्हटलं होतं. मी थांबा म्हणाले. त्याऐवजी मार्चमध्ये माणूस उचलायचं शिकवणाऱ्यांचा कोर्स करतेय, म्हणजे नवीन आलेल्यांना झोळीत मी घालणार. पैसे जवळपास तेवढेच. पण मला तेच करायचंय.

बागेवर भुरी नाही ना? आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. आजीच्या दोन्ही टाचांचा फोटो दिवसा दाराशी उजेडात काढून पाठवा, ट्यूबलाइटखाली नको.

तुमची,
बाळी