विचारलंच नाही, तर नकार कसला?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला शिकाऊ परिचारिकांवरचा लेख वाचला. हल्लीच्या बायका प्रसूतीच्या वेळी विद्यार्थिनींना जवळ येऊ देत नाहीत, मुलींच्या हाताला काम मिळत नाही, मग उद्या चांगल्या सुईणी आणायच्या कुठून, असं लेखकाचं म्हणणं. काळजी खरी आहे, पण दोष भलतीच्याच पदरात घातला आहे. ‘नाही’ म्हणायला आधी कुणी विचारावं लागतं. मी ३१ वर्षं लेबर रूममध्ये काढली, शेवटची नऊ इन्चार्ज म्हणून. विचारताना मी फार थोड्यांना पाहिलं.

लेखकानं शहरातल्या शिकल्यासवरल्या बायकांना बोल लावला आहे. त्यांना माहीत नसेल तर सांगते, पैसे भरून घेतलेल्या स्वतंत्र खोलीत विद्यार्थिनी पाठवतच नाहीत. ती जाते जनरल वॉर्डात. तिथली बाई ऊसतोडीवरून आलेली असते, वीटभट्टीवरून आलेली असते, आणि आपण इथे ‘नको’ म्हणू शकतो हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्याकडची प्रत्येक नर्स, प्रत्येक डॉक्टर या बायकांच्या अंगावर शिकली आहे. मीही.

१९८७ सालची गोष्ट. मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. डिसेंबर होता, रात्रपाळी होती. बीडकडची एक पहिलटकरीण फडावरून आणली होती, १९-२० वर्षांची. आई बाहेर व्हरांड्यात, आत कुणाला सोडायची पद्धत नव्हती. माझ्या केस बुकात तोवर दहा प्रसूती लिहून झाल्या होत्या. केस बुक म्हणजे काय ते घरात नर्स असलेल्यांना ठाऊक असेल. स्वतःच्या हातानं केलेल्या २० प्रसूती त्यात सहीनिशी भराव्या लागतात, तपासण्या वेगळ्या. त्या भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

हातमोजे घालून मी तिच्याजवळ गेले आणि का कोण जाणे, विचारलं, “ताई, मी शिकतेय. मी तपासू का?” तिनं तोंडावर पदर ओढला. म्हणाली, “नगं बाई. आत्ताच तिघांनी बघितलं.” खरंच होतं. माझ्या आधी दोन मुली आणि एक हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, तपासून गेले होते, अर्ध्या तासात. मी मागे सरकले.

आमच्या ट्यूटर मॅडम टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी मला झापलं, “पेशंटला विचारायचं नसतं, सांगायचं असतं.” मग तिच्याकडे वळल्या, “फुकट बाळंतपण पाहिजे ना? मग गप पडून राहा.” आणि मला म्हणाल्या, “कर.”

मी केलं. ती ओरडली नाही. खाटेची लोखंडी दांडी धरून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पहाटे बाळ झालं, मुलगी, वजन चांगलं होतं, वारही नीट पडली. केस बुकात अकराव्या रकान्यात सही झाली. सकाळी बाळाला छातीशी कसं धरायचं ते दाखवायला गेले, तर मला पाहताच तिनं पदर पुढे ओढून घेतला. मग दुसऱ्या मुलीनं दाखवलं.

ती सही मी खोडू शकले नाही. ते केस बुक अजून कपाटात आहे.

लेखकाला वाटतं, तेव्हाच्या बायका समजूतदार होत्या, आता हट्टी झाल्या. तेव्हाच्या बायका घाबरलेल्या होत्या, साहेब.

आता नियमांचं. केसपेपरवर अंगठा घेतला म्हणजे सगळ्याची परवानगी मिळाली, असं अजूनही समजतात. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसरीला चालत नाही. आपल्या राज्यात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं की कळांच्या पहिल्या टप्प्यात सगळं सुरळीत असेल तर आतली तपासणी चार तासांनी एकदा करावी. पाणी गेल्यावर तर जितक्या वेळा हात आत तितकी जंतुसंसर्गाची भीती जास्त, हे आम्हीच मुलींना शिकवतो. आणि तरी टेबलाभोवती आठ-आठ मुली उभ्या करून एकीमागून एकीला ‘बघ’ म्हणतो. त्याचं कारण बायकांचा नकार नाही. स्वतःचं पुरेसं रुग्णालय नसलेल्या कॉलेजांच्या मुली एकाच सरकारी लेबर रूममध्ये येतात, आणि प्रसूती असतात तेवढ्याच. यावर लेखात एक ओळ नाही.

मी इन्चार्ज झाल्यावर एवढंच केलं. एका बाईला एकच विद्यार्थिनी. बाई दाखल झाली, अजून बोलायच्या अवस्थेत आहे, तेव्हाच त्या मुलीनं जाऊन आपलं नाव सांगायचं, मी शिकाऊ आहे म्हणायचं, माझ्याबरोबर सिस्टर असतील म्हणायचं, आणि विचारायचं. ‘हो’ म्हणाली तर बाळ होईपर्यंत तिथून हलायचं नाही. कंबर चोळायची, पाणी द्यायचं, ठोके मोजायचे, तपासायचं तेव्हा तिनंच तपासायचं. ‘नको’ म्हणाली तर बरं म्हणून बाहेर यायचं, आणि त्या बाईशी वागण्यात तसूभर फरक पडता कामा नये. कळा ऐन भरात असताना विचारायला मी बंदी केली. त्या वेळी ‘हो’ला काही अर्थ नसतो.

नोंदी ठेवल्या नाहीत म्हणून आकडा देत नाही, पण नकार बोटांवर मोजण्याइतके आले. उलट ड्यूटी संपवून मुलगी निघाली की बाई म्हणायची, “माझी सिस्टर कुठं चालली?” रात्रभर शेजारी बसायला दुसरं कोण असतं तिथे? पक्क्या सिस्टरला चार टेबलं सांभाळायची असतात. शिकाऊ मुलीकडे वेळ असतो. हे बाईला समजावून सांगितलं की तिला कळतं.

एक नकार मात्र मला पचला नाही, तोही सांगते. एका बाईच्या सासूनं मुलीला आडनाव विचारलं. मुलीनं सांगितलं. सासू म्हणाली, “दुसरी पाठवा.” मी दुसरी पाठवली नाही. त्यांना सांगितलं, आता विद्यार्थिनी कुणीच येणार नाही, मी स्वतः थांबते. थांबले. माझी पाळी संपून तीन तास झाले होते. ती मुलगी चहाच्या खोलीत बसली होती, कपाला हात न लावता. तिला काय सांगावं ते मला तेव्हाही सुचलं नाही. बाईला आपल्या अंगाविषयी ‘नको’ म्हणण्याचा हक्क आहे आणि तो मी शेवटपर्यंत मानला. पण हे ‘नको’ अंगाविषयी नव्हतं. असे नकार मोजून कुणी ‘बायका सहकार्य करत नाहीत’ म्हणत असेल तर त्यानं आधी हे दोन वेगळे करावेत.

अनुभवी नर्सना १८ महिने शिकवून मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, करायचं सरकारनं २०१८ साली ठरवलं. उत्तम आहे, मला माझ्या नोकरीत मिळालं असतं तर धावत गेले असते. त्या अभ्यासक्रमातही शिकायचं बाईच्या उशाशी बसूनच आहे. तेव्हा विचारायची सवय पहिल्या वर्षाच्या मुलीला लावा, केस बुकात त्यासाठी एक रकाना करा: ‘परवानगी कुणी विचारली, केव्हा विचारली.’ सही करणाऱ्या ट्यूटरनं तोही रकाना वाचावा.

जाता जाता आणखी एक. लेखाबरोबर आपण बाळंतिणींच्या वॉर्डाचा मोठा रंगीत फोटो छापला आहे. पुढे विद्यार्थिनी हसत उभ्या आहेत. मागे डावीकडच्या खाटेवर एक बाई बाळाला पाजते आहे, तिचा चेहरा स्पष्ट दिसतो. तिला विचारलं होतं का, आणि कुणी विचारलं होतं, एवढं कृपया येत्या अंकात छापावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)